साईंली बज्यैची हरकत

जेठ महिना सरत आला होता आणि मका गुडघ्याच्या वर गेला होता. त्या सकाळी शाळेची पहिली घंटा देऊन मी समितीचा कागद, शाईची डबी आणि कागद ठेवण्यासाठी एक पुठ्ठा एवढे साहित्य बरोबर घेतले आणि सुबेदार पुन यांच्या मागोमाग साईंली बज्यैच्या अंगणात प्रवेश केला.

कागदावर पाच सांधियारांची नावे होती. ज्याची हद्द आपल्या हद्दीला भिडते तो सांधियार. सरकारी इमारतीचा नकाशा तपासणीसाठी वर पाठवण्यापूर्वी अशा प्रत्येकाची हरकत नसल्याचा अंगठा घ्यावा लागतो. चार अंगठे आदल्या दिवशीच झाले होते. शाळेसाठी डोंगराच्या माथ्यावर जी नवीन जागा पाहिली होती, तिला बज्यैचे छपराच्या गवताचे एक रान लागून होते. म्हणून पाचवा अंगठा तिचा.

"न्हाई देनार," बज्यै म्हणाली. ती ओसरीवर बसून जात्यात मका भरडत होती. तिने हात थांबवला नाही.

"ऐकून तरी घे," सुबेदार म्हणाले. "तुझं गवताचं रान कुनी मागत न्हाई. एक काडीबी कुनी उपटनार न्हाई."

"मग अंगठा कशाला मागतोस?"

"नियम हाय."

"तुझा नियम पलटनीत ठिवून यायचास. हितं कुनी सावधान-विश्राम करत न्हाई."

सुबेदारांनी हिंदुस्थानच्या फौजेत अठ्ठावीस वर्षे काढली होती आणि शाळेच्या समितीचे ते अध्यक्ष होते. त्यांना कोणी असे बोलत नसे. त्यांनी डोक्यावरची टोपी सरळ केली. "बरं, कारन सांग. हरकतीला कारन लिहावं लागतं. न्हाय का रे, पाले?"

"लिहावे लागते," मी म्हणालो.

"मग लिही," बज्यै सुबेदारांना म्हणाली. "डोंगरावर तुझ्या पुतन्याचं चहाचं दुकान हाय. शाळा तिथं गेली की नव्वद पोरं त्याचीच बिस्कुटं खानार. ह्ये कारन लिही."

कुंपणापाशी आमची वहिनी लागणारी दिलमाया भाउजू पाठीवर गवताने भरलेला डोको, म्हणजे टोपला, घेऊन उभी राहिली होती. नाम्लोचा पट्टा कपाळावर तसाच ताणलेला ठेवून ती म्हणाली, "बज्यै, पैका पायजे आसंल तर तोंड उघडून माग की. आडून आडून कशाला?"

"तुझ्या डोकोत गवत हाय का डोक्यात गवत हाय, त्ये आधी बघ."

"मी तुझ्या भल्याचं बोलले."

"माझ्या भल्याचं लई जन बोलत्यात. म्हनून तर ही गत झाली."

जाते पुन्हा फिरू लागले. सुबेदारांनी मला डोळ्यांनी खूण केली आणि आम्ही पाचव्या अंगठ्याची जागा कोरीच ठेवून परतलो. वाटेत ते एवढेच म्हणाले, "ज्याचं जळतं त्याला कळतं म्हनत्यात. हिचं काय जळतंय त्ये कळायला मार्ग न्हाई."

ही हकिगत लिहिणारा मी, टेकमान राना, सदर शाळेचा पाले आहे. पाले म्हणजे घंटा देणे, किल्ल्या सांभाळणे, पाणी भरणे आणि राखण करणे. माझे शिक्षण आठव्या इयत्तेपर्यंत झाले. अक्षर वळणदार असल्यामुळे समितीचे अर्ज आणि नकाशाच्या प्रती उतरवण्याचे कामही मजकडेच असते.

मोठ्या भूकंपात आमची दगडी शाळा एका क्षणात खाली बसली. शनिवार होता, आणि आमच्याकडे रविवारची नव्हे तर शनिवारची सुट्टी असते, म्हणून लेकरे वाचली. तेव्हापासून जुन्याच मैदानात पत्र्याच्या तीन छपऱ्यांत शाळा भरत होती. अखेरीस सहा खोल्यांची इमारत मंजूर झाली. परंतु अट अशी की, सरकारचा नमुना नकाशा आपल्या जागेवर बसवून, तो असार महिना संपण्यापूर्वी जिल्ह्याच्या कार्यालयात तपासून घ्यावा. असाराच्या शेवटच्या दिवशी सरकारचे वर्ष संपते आणि ज्यांचे नकाशे पास झाले नाहीत त्यांच्या खोल्या दुसऱ्या गावाला जातात. नमुना नकाशाला जुने मैदान अकरा मीटर अपुरे पडत होते. डोंगराच्या माथ्यावर सपाट जागा होती आणि मोटारीचा रस्ताही होता. म्हणून समितीने माथा ठरवला. गावापासून तो अर्ध्या तासाच्या चढणीवर आहे.

साईंली म्हणजे तिसरी लेक आणि बज्यै म्हणजे आजी. बज्यैचे खरे नाव गावात कोणाला आठवत नव्हते. तिच्या मागेपुढे कोणी नव्हते. नवरा जाऊन एकोणीस वर्षे झाली होती आणि मूल झाले नव्हते. तिचे घर मैदानाच्या पूर्वेला, लप्सीच्या झाडाशेजारी. भूकंपाने शाळा पाडली, परंतु या घराला केवळ एक चीर देऊन सोडले.

येथे आमच्या पर्माविषयी चार शब्द लिहिणे आवश्यक आहे. आज तू माझ्या शेतात राब, उद्या मी तुझ्या शेतात राबेन, याला पर्म म्हणतात. रोपणी, कापणी, घर शाकारणे, सर्व त्यावरच चालते. बज्यैचे गुडघे गेले तेव्हा गावाने विचार केला की, आता म्हातारीला फेड करायला लावणे बरे नव्हे. तेव्हापासून तिची दोन वावरे गाव फुकट लावून देऊ लागले. फेड घ्यायची नाही, म्हणून तिला बोलवायचेही नाही. कोणाच्याही मनात वाईट नव्हते. तथापि अकरा वर्षांत बज्यैला कोणी हाक मारून आपल्या बांधावर नेले नाही. रोपणीची गाणी खालच्या खाचरांतून वर येत आणि ती अंगणात बसून ऐकत असे.

हरकतीची मुदत पंधरा दिवसांची होती. त्यांतले आठ दिवस गेले.

शनिवार आला. शाळेस सुट्टी होती. वाऱ्याने उचललेला एक पत्रा दाबण्यासाठी मी मैदानात गेलो होतो. काम आटोपून पाणी पिण्यासाठी बज्यैकडे गेलो तेव्हा दुपार कलली होती. चूल थंड होती. ढिंडो म्हणजे आमची मक्याची उकड; तिचे पीठ परातीत कोरडे तसेच पडले होते.

"बज्यै, जेवण झाले नाही?"

"घंटा कुठं झाली?"

मला वाटले, ती विनोद करते आहे.

"पहिल्या घंटेला कोंबड्या सोडते," ती म्हणाली. "मधल्या घंटेला ढिंडो टाकते. पोरं पानी प्यायला येत्यात, त्येंना शिव्या देते. एकानं परवा चेंडू माझ्या मक्यात टाकला, दोन ताटं मोडली. शेवटच्या घंटेला शेळी आत घेते. शनिवारी काय करायचं? शनिवारचा दिवस गुठळीवानी ऱ्हातो बघ. विरघळतच न्हाई."

"सूर्य पाहून स्वयंपाक करावा."

"सूर्य काय शिव्या खायला येतो का?"

मी पाणी प्यालो. बज्यैने पितळी थाळाकडे पाहिले. तोच आमची घंटा. लप्सीच्या फांदीला टांगलेला. "एकदा शनिवारीबी वाजिव की रं, बाबू. हळूच."

"ते शक्य नाही, बज्यै. सुट्टीच्या दिवशी घंटा म्हणजे संकट. दरड आली किंवा आग लागली तरच. गावाने ठरवले आहे. सर्व लोक कुदळी घेऊन धावत येतील."

"व्हय, व्हय. इसरले." थोड्या वेळाने तिने विचारले, "डोंगरावर वाजवलीस तर हितं ऐकू यील का?"

"वारा खालच्या अंगाला असला तर येईल."

"आन् पोरांचा आवाज?"

मी रिकामा तांब्या जागेवर ठेवला.

"न्हाई येनार," तिनेच सांगितले.

"हे कारण मी कागदावर लिहू?"

"लिहून बघ. हसतील."

त्या सायंकाळी मी घरी बसून कच्च्या कागदावर लिहून पाहिले: 'सांधियारास शाळेचा आवाज ऐकू येणार नाही, सबब हरकत.' वाचून मला हसू आले नाही. परंतु जिल्ह्याच्या कार्यालयातील माणूस डोळ्यांसमोर आणला आणि कागद चुलीत घातला. माझे घर खोला, म्हणजे ओढा, ओलांडून पलीकडे आहे. पत्नी जाऊन नऊ वर्षे झाली; मुलगा परदेशी इमारती बांधतो. माझ्या घरात घंटा कधी ऐकू येत नाही, कारण ती वाजवणारा मीच असतो.

दुसऱ्या दिवशी मी दोरी घेऊन जुने मैदान पुन्हा मोजले. पश्चिमेला कडा होता. कड्यापासून सोडायचे अंतर सोडलेच पाहिजे. उत्तरेला वाट, दक्षिणेला खोल उतार. जे काही अकरा मीटर मिळण्यासारखे होते ते एकाच बाजूला होते. ही गोष्ट लक्षात आल्यावर मी दोरी गुंडाळली आणि कोणालाही काही सांगितले नाही. तीन दिवस मी बज्यैच्या अंगणाकडे न पाहता घंटा देत होतो.

चौथ्या दिवशी तिनेच हटकले. "पाले, त्या दिशी दोरी घिऊन काय मोजत हुतास?"

"काही नाही."

"माझी भित मोजत हुतास. मी काय आंधळी हाय? किती कमी पडतंय?"

"अकरा मीटर."

"म्हंजी किती?"

"मैदानाच्या बांधापासून तुझ्या मागच्या भिंतीपर्यंत."

"म्हंजी घर."

"घर."

बज्यैने जात्यात मूठभर मका टाकला, दोन फेरे दिले आणि थांबली. "मग त्ये तसं सांग की. चार दिस तोंड चुकवत फिरतोयस, मला वाटलं तुझं काय चोरलं का काय मी."

"बज्यै, तू राहशील कुठे?"

"गोठ्यात. गोठा मैदानाच्या बाहीर हाय न्हवं?"

"कोपऱ्याला आहे. इमारतीच्या आड येत नाही."

"मग झालं. म्हैस इकून सात वर्षं झाली. म्हशीपरीस मी लहान हाय, मावेन."

मी सुबेदारांना बोलावून आणले. त्यांनी सर्व ऐकले, टोपी काढून मांडीवर ठेवली.

"बज्यै, हे मला जमायचं न्हाई," ते म्हणाले. "लोकं म्हनतील, पुन सुबेदारानं म्हातारीचं घर खाल्लं."

"आन् शाळा डोंगरावर नेलीस तर काय म्हनतील? पुतन्याचं दुकान चालवलं म्हनतील. म्हशीला शिंगं जड न्हाईत, तुला लोकांची बोलनी का जड?"

"त्या दुकानाचं माझ्या मनातबी नव्हतं."

"ठावं हाय. तुला चिडवाया म्हनाले हुते."

"मग घराच्या बदल्यात काय लिहायचं?"

"काय लिहू नगस. भूकंपाला पडलं न्हाई, तुमी पाडा. आन त्यो कागद."

जुन्या जागेला ती एकच सांधियार. मी नवीन कागद मांडला, हरकत नाही असे लिहिले आणि तिचा अंगठा शाईत दाबला. तिचा अंगठा जात्याच्या खुंट्याने इतका गुळगुळीत झाला होता की कागदावर रेषा उमटल्याच नाहीत. एक काळा डाग तेवढा पडला. सुबेदारांनी त्याखाली 'हा अंगठा साईंलीचाच' म्हणून सही केली.

नवीन नकाशा उतरवण्यास मला सहा दिवस लागले. असाराच्या सत्तावीस तारखेस मी तो प्लास्टिकच्या पाइपात घालून निघालो. पाऊस लागला होता. रस्त्यावर दोन ठिकाणी दरड उतरली होती. एका बसमधून उतरून, चिखल तुडवून, पलीकडच्या बसमध्ये चढावे लागले. पाइप मी डोक्यावर धरला होता. अठ्ठावीस तारखेला दुपारी कार्यालयात पोहोचलो.

तेथे माझ्यासारखेच पाइपवाले पंचवीस-तीस जण भिंतीला टेकून उभे होते. नकाशे तपासणारे ढकाल सर हे सडपातळ गृहस्थ होते. टेबलावर एका बाजूला पोह्यांचे आणि दह्याचे ताट तसेच पडलेले, दुसऱ्या बाजूला नकाशांचा ढीग. माझी पाळी आली तेव्हा दिवे लावले होते. त्यांनी माझा नकाशा पसरला, चारही कोपऱ्यांवर दगड ठेवले आणि पट्टीने एकेक अंतर पाहिले. कड्यापासून अंतर, खिडक्या, जिना, खांब. प्रत्येक ठिकाणी त्यांची मान हलली. नंतर त्यांनी लाल पेन उचलून ईशान्य कोपऱ्यावर गोल केला.

"हे काय?"

"गोठा, सर."

"कुणाचा?"

"साईंली बज्यैचा."

"जनावरं असतात?"

"नाही, सर. ती स्वतः राहणार."

"खासगी घर शाळेच्या हद्दीत चालत नाही. काढून टाका. दुरुस्त नकाशा घेऊन या."

"सर, गावाला जाऊन यायला चार दिवस लागतात. वर्ष तीन दिवसांत संपते."

"ते मलाही माहीत आहे." त्यांच्या आवाजात राग नव्हता, केवळ थकवा होता. "नियम मी केलेला नाही, दादा. हा एक गोठा सोडला तर नकाशा चांगला आहे. इथेच खोडा, मी सही करतो."

त्यांनी काळे पेन माझ्यापुढे सरकवले. मी ते हातात घेतले. गोठ्याच्या चार रेषा मीच काढल्या होत्या. त्या खोडण्यास फार तर चार रेघा लागल्या असत्या. माझ्या मागे रांगेतला माणूस खोकला.

"सर, शाळेच्या हद्दीत काय काय चालते?" मी विचारले.

"पाण्याची टाकी. शौचालय. भांडार. पालेघर."

"सर, शाळेचा पाले मीच आहे."

ढकाल सरांनी प्रथमच नकाशावरून नजर काढून माझ्याकडे पाहिले. माझ्या पोटरीपर्यंत चिखल वाळला होता.

"मग तिथे तुम्ही राहता?"

सरकारशी मी यापूर्वी कधी असत्य बोललो नव्हतो. "हो," मी म्हणालो.

"मग गोठा कशाला लिहिलंत? वाचणाऱ्याला काय कळणार?"

मी 'गोठा' हा शब्द खोडला आणि त्यावर माझ्या सर्वोत्तम अक्षरात 'पालेघर' लिहिले. सरांनी ते पाहिले. "अक्षर चांगलं आहे," ते म्हणाले, आणि शिक्का उमटवला. समासात मात्र त्यांनी एक ओळ लिहिली: अंतिम तपासणीच्या वेळी पाले हजर असावा.

मी गावात परतलो तेव्हा दिलमाया भाउजूने सर्वांदेखत तो नकाशा वाचून घेतला आणि पदर तोंडाला लावला. "म्हंजी पाले, कागदावर तू आन् बज्यै एका घरात. सरकारनं लगीन लावलं की तुमचं, शिक्का मारून."

"माझी हरकत न्हाई," बज्यै म्हणाली. "पन ह्यो घोरत आसंल तर आधी सांगा."

सर्व हसले. मीही हसलो. नंतर जो तो आपापल्या घरी गेला आणि मी खोला ओलांडला.

मंसिरात, कापणी उरकल्यावर, बज्यैचे घर उतरवले. सारे गाव आले होते. छपराच्या दगडी पाट्या हातोहात खाली आल्या. भिंतीचे दगड एका रांगेत मैदानाकडे गेले. तेच पुढे शाळेच्या पायात बसले. बज्यैने आदल्या सायंकाळीच चुलीतला विस्तव मडक्यात घालून गोठ्यात नेला होता. ती गोठ्याच्या दारात बसून आपले घर कमी कमी होताना पाहत होती आणि मधूनच कोणाला तरी सांगत होती, "त्या कोपऱ्यातला दगूड जपून, त्यो माझ्या मालकानं बसवलेला."

सायंकाळी सुबेदार म्हणाले, "बज्यै, गावावर तुझा पर्म चढला. आख्ख्या घराचा."

"मग फेडा की. येत्या रोपणीला बोलवा मला. वाकवत न्हाई, पन बांधावर बसून रोपांच्या जुड्या मोकळ्या करीन."

"बोलवू. का न्हाई बोलवनार?" दिलमाया म्हणाली. सर्वांनी माना डोलावल्या.

असार आला. पाऊस भरपूर झाला. खालच्या खाचरांत रोपणी सुरू झाली, गाणी वर येऊ लागली. बज्यै लुगडे खोचून गोठ्याच्या दारात बसत असे. कोणी बोलावले नाही. "म्हातारी जीव, भिजंल, ताप यील," असे लोक आपसांत म्हणत. तिची दोन वावरे मात्र सर्वांच्या आधी लावून झाली. दुसऱ्या असारातही तसेच घडले. मी एकदा दिलमाया भाउजूस आठवण दिली. ती म्हणाली, "आरं, तिच्याच्यानं हुतंय का आता? पाप लागंल आमाला."

तिसऱ्या असारात इमारत पूर्ण झाली. सहा खोल्या, पुढे लांब ओवरी, सिमेंटची गुळगुळीत फरशी. अंतिम तपासणीचा दिवस कळवला गेला तो शनिवार निघाला. वर्षअखेरीच्या घाईत ढकाल सर सुट्टीच्या दिवशीही गावे करीत होते. त्या सकाळी मी माझी एक जुनी टोपी आणि घोंगडी नेऊन गोठ्यातल्या खुंटीला टांगली. बज्यैला म्हणालो, "थोडा वेळ लप्सीखाली बस." ती बसली नाही.

ढकाल सर मोटारसायकलवरून चिखलाने माखलेले आले. पूर्वीपेक्षा केस पिकले होते. त्यांनी नकाशा ओवरीत पसरला आणि टेप घेऊन एकेक खोली मोजली. मी टेपचे दुसरे टोक धरले. खांब, जिना, कड्यापासून अंतर. सर्व जुळले. सुबेदार पलटनीत उभे राहावे तसे उभे होते.

"पालेघर?"

आम्ही गोठ्यापाशी गेलो. बज्यै दारात, चुलीच्या धुराने डोळे पुसत बसली होती. आत खुंटीवर माझी टोपी.

"या कोण?" सरांनी विचारले.

मी तोंड उघडले, तोच सुबेदार म्हणाले, "ह्या पाले."

"आणि हे?" सरांचे बोट माझ्याकडे होते.

सुबेदारांचा हात टोपीकडे गेला. "मी सांधियार," मी म्हणालो.

ढकाल सर माझ्याकडे पाहत राहिले. त्यांनी मला ओळखले की नाही हे मला आजही सांगता येणार नाही. "सांधियाराची काही हरकत?"

"नाही, सर."

"बरं." ते बज्यैकडे वळले. "पाले असाल तर घंटा द्या, आमा. वाजते का ते पाहू. तेवढं लिहायचं राहिलं."

सुबेदारांनी घाईने हात वर केला. "सायेब, आज शनिवार हाय. आज वाजवली तर..."

बज्यै उठली होती. गुडघ्यांवर हात ठेवून ती लप्सीपाशी गेली, बुंध्याच्या फटीतला घंटेचा लाकडी ठोकळा काढला आणि एकदा माझ्याकडे पाहिले. मी तिला थांबवू शकलो असतो. दोन पावलांचे अंतर होते.

तिने थाळावर ठोका दिला. मग दुसरा. मग ती थांबेचना.

खाली गाणे तुटले. क्षणभर केवळ पावसाचा आवाज राहिला. नंतर खाचरांतून माणसे वर येऊ लागली. कोणाच्या हातात कुदळ, कोणाच्या खांद्यावर दोर. दिलमाया भाउजूच्या मुठीत रोपांची जुडी तशीच होती. लेकरे, म्हातारे, सर्व मांडीपर्यंत चिखलात. वीस, तीस, पन्नास जण धापा टाकीत मैदानात उभे राहिले.

"काय झालं? कुठं ढासळलं?"

"कायबी ढासळलं न्हाई," बज्यै म्हणाली. ठोकळा अजून तिच्या हातात होता. "पर्म फेडाया आलात का?"

सुबेदारांनी मान खाली घातली. मग दिलमाया भाउजू खाली बघत म्हणाली, "म्हातारे, माझं काळीज तोंडात आलं. एवढी पळाले, आता गुडघं तुझ्यापरीस वाईट झालं माझं." आणि ती ओवरीत मटकन बसली. तिच्यामागून दुसरी बसली. पाऊस वाढला तसे सारेच ओवरीत आले. कोणी बज्यैला शिव्या दिल्या, कोणी हसले. बज्यैने भाजलेला मका सुपात आणला आणि प्रत्येकाच्या ओल्या हातावर मूठ मूठ घातला. कोणाची सून कोणती, कोणाचे नातू किती मोठे झाले, हे ती एकेकाचा चेहरा वर करून विचारत होती. जणू काही ही माणसे फार दूरच्या गावाहून आली होती.

ढकाल सरांनी एका कोपऱ्यात उभे राहून कागद पूर्ण केला. त्यांनी लिहिले: 'पाले हजर. घंटा चालू.' निघताना म्हणाले, "ओवरी तेवढी धुऊन घ्या. नवीन फरशी आहे."

रोपे उघडी पडली होती. फार वेळ थांबणे शक्य नव्हते. एकेक जण उठू लागला.

"पुढल्या साली तुलाच पैली हाक मारीन, बज्यै," दिलमाया म्हणाली.

"घर पाडलं तवाबी म्हनाली हुतीस."

"म्हनाले हुते खरं." तिने जुडी उचलली आणि ती उतारावर दिसेनाशी झाली. थोड्या वेळाने खालून गाणे पुन्हा सुरू झाले. सुबेदारही गेले. मैदानात आम्ही दोघे राहिलो. मी टोपी आणि घोंगडी घेऊन घरी गेलो.

रविवारी सकाळी आठ वाजता मी बादली आणि खराटा घेऊन आलो. बज्यै ओवरीच्या कडेला बसली होती. रात्रीत चिखल वाळला होता आणि राखाडी फरशीवर पावलेच पावले उठली होती. टाचा, बोटे, एकावर एक.

"ही दिलमायाची," ती बोटाने दाखवत म्हणाली. "तिची करंगळी भुईला टेकत न्हाई, ल्हानपनापास्नं. ही सुबेदाराच्या सुनंची. चालताना पाय आत टाकते. ही कुनाची त्ये मला वळखना. नवी सून आसंल कुनाची तरी."

"बज्यै, शाळा भरेल. धुवायला हवे."

"पोरं धाला येत्यात."

"हो."

"मग?"

मी बादलीतले पाणी लप्सीच्या बुंध्याशी ओतले, खराटा भिंतीला टेकवला आणि दहा वाजेपर्यंत घंटेखाली बसून राहिलो.